लोहाच्या पाठीमागचं जस्त

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऊस उत्पादकाला पानाचा रंग वाचता येतो. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडली की केवडा पडला म्हणून तो हिराकसची फवारणी घेतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. वाढ खुंटली, पेरं आखूड राहिली तर तो कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी आणतो. कृष्णाकाठच्या खोल, काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. अशा जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही, हे त्याला माती परीक्षणाच्या कागदावरून कळलेलं असतं. एक कमतरता भरून काढली आणि दुसरी तशीच राहिली, तर पीक उभारी धरत नाही, हेही त्याने पाहिलेलं असतं.

त्याच घरातली गरोदर सून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते आणि तिचं हिमोग्लोबिन साडेआठ निघतं. तिला लाल गोळ्या मिळतात. त्या गोळीतही बहुधा फेरस सल्फेटच असतं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा जेमतेम नवावर आलेला असतो. मग सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळतात: गोळ्या नियमित घेतल्या नसतील, मळमळ होते म्हणून फेकून दिल्या असतील. कधी ते खरंही असतं. पण अनेकदा ती रोज न चुकता गोळी घेत असते आणि तरीही रक्त वाढत नाही. अशा वेळी ‘आणखी कशाची कमतरता आहे का?’ हा जो प्रश्न उसाच्या फडात सहज विचारला जातो, तो तिच्याबाबत कुणी विचारत नाही. हे प्रकरण त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते पाहू. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 68.9 टक्के होतं. चार-पाच वर्षं आधीच्या पाहणीत हेच आकडे 48 आणि 53.8 होते. म्हणजे गोळ्या वाटल्या जात असताना आकडे वर गेले. रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून चालू आहे. 2018 मध्ये ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या नावाने तो नव्याने बांधला गेला. अर्धशतकाच्या प्रयत्नानंतर निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी असेल, तर फक्त बायकांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवून भागणार नाही.

2016 ते 2018 या काळात देशभरातल्या मुलांचं एक मोठं पोषण सर्वेक्षण झालं. त्यात नुसतं हिमोग्लोबिन मोजून न थांबता रक्तातले लोह, फोलेट, बी12 आणि जस्त यांचं प्रमाणही तपासलं गेलं. एक ते चार वर्षांच्या रक्तक्षयी मुलांपैकी जेमतेम 36.5 टक्के मुलांचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा होता. पाच ते नऊ वयात तर हे प्रमाण 15.6 टक्क्यांवर आलं. बाकीच्यांत फोलेट आणि बी12 ची कमतरता होती, जंतुसंसर्गामुळे शरीरात चाललेला दाह होता, आणि एका मोठ्या गटात यातलं काहीच सापडलं नाही. जस्ताची कमतरता एक ते चार वयातल्या 19 टक्के मुलांत निघाली, आणि किशोरवयात 32 टक्क्यांत. देशातल्या जवळपास प्रत्येक तिसऱ्या किशोरवयीन मुलामुलीच्या रक्तात जस्त अपुरं आहे.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे 1958 पर्यंत कुणी मानत नव्हतं. ते ज्याने दाखवून दिलं तो डॉक्टर बिहारमधल्या बक्सरचा होता, आणि त्याला तो धागा सापडला तो एका रक्तक्षयाच्या रुग्णात. आनंद प्रसाद पाटण्यात वैद्यकीचं शिक्षण घेऊन अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शिकले आणि तिथून इराणमधल्या शिराझ शहरात गेले. तिथे त्यांच्यापुढे 21 वर्षांचा एक तरुण आणला गेला. तो दिसायला जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. दाढी-मिशांचा पत्ता नाही, कातडी कोरडी, खडबडीत, यकृत आणि पाणथरी वाढलेली आणि रक्तात हिमोग्लोबिन अगदीच कमी. रक्तस्राव कुठूनही होत नव्हता, आकडीकृमीही नव्हते. त्याच्या जेवणात मांस-मासे नव्हते, जवळजवळ सगळी भूक तो गव्हाच्या न आंबवलेल्या रोटीवर भागवत होता. आणि दिवसाला सुमारे अर्धा किलो माती खात होता.

थोड्याच दिवसांत तशाच प्रकारचे आणखी दहा रुग्ण आले. या 11 रुग्णांची हकिकत 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी होतं हे समजण्यासारखं होतं, पण लोह कमी पडल्याने मुलगा वयात येत नाही किंवा त्याची उंची खुंटते असं कुठेच दिसलेलं नव्हतं. प्रसादांनी तर्क केला की रोटीतलं जे द्रव्य लोहाला अडवतं आहे, तेच जस्तालाही अडवत असणार. पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांना जस्त दिल्यावर वर्षभरात त्यांची उंची पाच-सहा इंचांनी वाढली. एवढं होऊनही वैद्यकविश्वाने बरीच वर्षं शंका घेतली. अमेरिकेच्या आहारशिफारशींत जस्ताला जागा मिळाली ती 1974 मध्ये.

शिराझची ही हकिकत आपल्याला परकी वाटू नये. गरोदरपणात भाजकी माती खाणाऱ्या, पाटीवरची पेन्सिल कुरतडणाऱ्या, पावसाच्या पहिल्या सरीचा वास आला की तोंडाला पाणी सुटणाऱ्या बायका सातारा-सांगलीच्या प्रत्येक गावात आहेत. भिंतीचा पोपडा किंवा शाळेतला खडू खाणारी मुलंही आहेत. आपण त्याला डोहाळे म्हणतो किंवा वाईट सवय. पोराच्या पाठीत धपाटा बसतो. प्रत्यक्षात ही फार महत्त्वाची खूण आहे. रक्त कमी असलेल्या माणसाला माती खावीशी वाटते, आणि माती पोटात गेली की ती अन्नातलं लोह आणि जस्त धरून ठेवते, त्यामुळे कमतरता आणखी वाढते. माती खाणारं मूल दिसलं तर त्याला मारू नका, त्याचं रक्त तपासून घ्या.

जस्त आणि रक्त यांचं नातं नेमकं कुठे जुळतं? तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या गाभ्याला हीम म्हणतात. हीमच्या मधोमध लोहाचा अणू असतो, म्हणून सगळं श्रेय लोहाला जातं. पण हीम तयार होण्याच्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांवर एक विकर काम करतं आणि ते जस्ताशिवाय चालत नाही. शिशाची विषबाधा झालेल्या माणसाला रक्तक्षय होतो, त्याचं एक कारण हेच की शिसं या विकरातल्या जस्ताला हुसकावून त्याची जागा घेतं. अस्थिमज्जेत मूळ पेशीपासून तांबडी पेशी घडते तेव्हा कोणती जनुकं चालू करायची हे सांगणारं गाटा-1 नावाचं प्रथिन असतं. त्याची डीएनएला धरणारी बोटं जस्ताच्या अणूंभोवती वळलेली असतात. तयार झालेल्या तांबड्या पेशीत कार्बन डायऑक्साइड हाताळणारं विकर आणि पेशीचं आवरण जपणारं एक विकर, दोन्ही जस्तावरच चालतात.

आणखी दोन वाटा आहेत आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या खेड्यातल्या रोजच्या आजारपणातून जातात. पहिली आतड्याची. अन्नातलं लोह आतड्याच्या पेशीत खेचून घेणारी आणि तिथून रक्तात सोडणारी यंत्रणा जस्ताच्या पातळीनुसार कमीजास्त होते, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांना आतड्याच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे जस्त कमी असेल तर पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत पोचेलच असं नाही. दुसरी वाट जंतुसंसर्गाची. जस्त कमी पडलं की प्रतिकारशक्ती ढिली पडते, मुलाला वरचेवर जुलाब आणि खोकला होतो. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते लोहाचं शोषण थांबवतं आणि शरीरात असलेलं लोहही साठ्यात अडकवून ठेवतं. शिवाय प्रत्येक जुलाबात जस्त बाहेर जातं, त्यामुळे पुढच्या आजारपणाची तयारी आधीच होऊन बसते. अशा मुलाला लोहाचं सिरप पाजत राहिलं, तरी ते वापरायची शरीराची तयारीच नसते.

लोहाचा साठा शरीरात असतो आणि फेरिटिनच्या चाचणीत तो मोजता येतो. जस्ताला असा साठा नाही. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण दोन ग्रॅमच्या आसपास जस्त असतं, ते बहुतेक स्नायूंत आणि हाडांत, आणि त्याचा अगदी क्षुल्लक भाग रक्तद्रवात. म्हणून रोजच्या जेवणातून ते येत राहिलं पाहिजे. चार दिवस चांगलं खाऊन महिना काढता येत नाही.

आता ताटाकडे येऊ. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एका बाजूला सह्याद्रीचा पाऊस आहे आणि दुसऱ्या बाजूला माणदेशाचा दुष्काळ. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा इथे भात आणि नाचणी. मधल्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात ऊस, हळद, सोयाबीन, द्राक्षं. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत इथे ज्वारी आणि बाजरी. निसर्ग एवढा वेगळा असला तरी बाईच्या ताटाची तऱ्हा सगळीकडे सारखीच: धान्य भरपूर, बाकी सगळं चवीपुरतं.

माणमधल्या शेतकरी बाईचं एका दिवसाचं जेवण धरू. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, तीस ग्रॅम डाळीचं पातळ कालवण, शेंगदाण्याची चटणी, थोडी भाजी, दोन-तीन कप चहा. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दोन मिलिग्रॅम जस्त असतं. भाकरीतून पाच मिलिग्रॅम आलं, डाळ, चटणी, भाजी आणि चहातलं दूध मिळून आणखी दोन. बेरीज सातच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज 13.2 मिलिग्रॅम जस्त लागतं. हेच गणित लोहाचं केलं तर ताटात तेरा-चौदा मिलिग्रॅम निघतं आणि गरज आहे 29 ची. दोन्ही द्रव्यं निम्म्यावर. भात खाणाऱ्या डोंगरी भागात स्थिती आणखी वाईट, कारण पांढऱ्या पॉलिश तांदळात शंभर ग्रॅमला जस्त सव्वा मिलिग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही.

रक्तक्षय आणि जस्ताची कमतरता एकाच बाईत का सापडतात, याचं सर्वांत मोठं उत्तर या ताटात आहे. दोन्ही कमतरता एकाच जेवणातून येतात. शिवाय ताटात आहे तेही सगळं अंगी लागत नाही. धान्याच्या आणि डाळीच्या कोंड्यात फायटेट नावाचं फॉस्फरसचं संयुग असतं. रोपाला उगवताना लागणारा तो साठा असतो. आपल्या आतड्यात तो लोहाला आणि जस्ताला घट्ट धरतो आणि बाहेर घेऊन जातो. शिराझच्या रोटीत हाच अपराधी होता. पाव आंबवताना फायटेट बरंच मोडतं. आपली भाकरी आणि चपाती न आंबवता भाजली जाते, त्यामुळे ते जसंच्या तसं राहतं. जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात भर घालतो, निदान लोहाच्या बाबतीत.

मांसातलं लोह आणि जस्त या अडथळ्यातून सहज पार होतं. सांगली-साताऱ्याला मटणाचं वावडं नाही, जतच्या माडग्याळ मेंढीचं नाव तर राज्यभर आहे. पण रविवारी घरात मटण शिजलं की फोडी कुणाच्या ताटात जातात आणि रस्सा कुणाच्या वाट्याला येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेवटी जेवणाऱ्या बाईला तवंगाचा रस्सा आणि भाकरी मिळते. जस्त फोडीत असतं, रश्शात नाही. यावर औषधाच्या गोळीची गरज नाही, वाढणाऱ्या हाताने ठरवलं तरी पुरे. उपवासांचंही तेच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र असं धरलं तर वर्षातले कितीतरी दिवस बाई साबुदाण्यावर काढते, आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसतं. राजगिरा, शेंगदाणे, दूध हेही उपवासाचेच पदार्थ आहेत आणि त्यांत लोह-जस्त दोन्ही आहे. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. साबुदाणा सोडा असं मात्र जरूर म्हणेन.

किशोरवयीन मुलीकडे इथे थोडं थांबून पाहिलं पाहिजे. तेरा ते पंधरा वयात उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू होते आणि लोहाची रोजची गरज 30 मिलिग्रॅमवर जाते. जस्ताची गरजही 12.8 वर, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलेल्या बाईएवढी. नेमक्या याच वयात मुलगी तालुक्याच्या शाळेत एसटीने जाऊ लागते. सकाळी चहा-खारी, डब्यात चपाती-बटाटा, संध्याकाळी कुरकुऱ्यांचं पाकीट. तिची उंची थांबली, केस गळू लागले, तोंडाला चव नाही, जखमा लवकर भरत नाहीत, अभ्यासात लक्ष नाही, तर आपण ते वयावर ढकलतो. पुढे तीच मुलगी वीस-एकविसाव्या वर्षी गरोदर राहते आणि रिकाम्या अंगाने बाळाला वाढवायला घेते.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी12 कमी निघालं. ती गावं आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातली गावं यांच्या जेवणात फारसा फरक नाही. लोह, जस्त आणि बी12 या तिन्हींचं मूळ एकच आहे: ताटात प्राणिज अन्न नाही, आणि त्याची भरपाई करील असं डाळी-दुधाचं प्रमाणही नाही. म्हणून एकट्या लोहाने भागत नाही.

मग सगळ्यांना लोहाच्या जोडीला जस्ताची गोळी द्यावी का? इथे घाई करून चालणार नाही. ज्यांच्या रक्तात जस्त कमी त्यांचं हिमोग्लोबिनही कमी, हे नातं अनेक देशांच्या सर्वेक्षणांत दिसलं आहे, पण सगळ्यांत नाही. आणि मुलांना नुसतं जस्त देऊन पाहिलेले प्रयोग एकत्र केले तेव्हा हिमोग्लोबिनमध्ये म्हणण्यासारखी वाढ आढळली नाही. याचा अर्थ जस्त निरुपयोगी असा नाही. लोहच नसेल तर जस्त एकटं काय करणार? लोहाशिवाय हीम नाही आणि जस्ताशिवाय लोहाचा नीट उपयोग नाही. शिवाय दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटी एकदम घेतल्या तर आतड्यात त्यांची आपसातच चढाओढ लागते आणि लोह जास्त असेल तर जस्त मागे पडतं. जेवणातल्या लोह-जस्तात हा झगडा होत नाही. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून जस्ताच्या मोठ्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणंही धोक्याचं आहे. जस्त फार झालं की तांब्याचं शोषण थांबतं, आणि तांब्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली लोकांनी या गोळ्या मनमुराद खाल्ल्या, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जस्ताचा एक वापर मात्र पूर्णपणे सिद्ध झालेला आहे आणि आपण तोच अर्धवट सोडतो. मुलाला जुलाब झाले की ओआरएसबरोबर जस्ताची विरघळणारी गोळी द्यावी, ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची 2004 ची शिफारस आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, सलग 14 दिवस. आशाताईंच्या पिशवीत ही गोळी असते, ती मोफत मिळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आई गोळ्या फडताळात ठेवून देते. पण जुलाबात गेलेलं जस्त भरून येण्यासाठी आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत यासाठी ते उरलेले दिवस असतात. मुलाच्या रक्तक्षयाची साखळी तोडण्याची यापेक्षा स्वस्त संधी नाही. पोषणमूल्यवर्धित तांदळाचंही असंच अर्धवट आहे. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी12 घालणं बंधनकारक आहे, जस्त घालणं ऐच्छिक. धोरण आखणाऱ्यांनी ते ऐच्छिक ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धान्यातच लोह-जस्त वाढवण्याचा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्याला कुणाला काही आठवण करून द्यावी लागत नाही. धनशक्ती या बाजरीच्या वाणात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त आहे. 2014 मध्ये ते अधिसूचित झालं. बेळगावात दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना लोह-जस्त वाढवलेल्या बाजरीचे पदार्थ खाऊ घालून शोषण मोजलं गेलं, तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या बाजरीतून मुलांच्या अंगी रोज 0.23 मिलिग्रॅम लोह लागत होतं, नव्या बाजरीतून 0.67. जस्त 0.67 वरून 0.95 वर गेलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात 12 ते 16 वर्षांच्या 246 विद्यार्थ्यांना दोन वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी देऊन पाहिली, तेव्हा लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांचा लोहसाठा लवकर सुधारला. ज्वारीत 2018 मध्ये आलेलं परभणी शक्ती हे वाणही याच दिशेचं आहे. किलोमागे 45 मिलिग्रॅम लोह, 32 मिलिग्रॅम जस्त.

आणि एक उदाहरण सातारा जिल्ह्यातलंच आहे. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोप गावच्या शेतकऱ्यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस 6478 हा गहू पेरला. आधी लोक-1 आणि एचडी 2189 सारख्या वाणांचं हेक्टरी 25 ते 30 क्विंटल उत्पन्न येत होतं, ते 45 ते 60 क्विंटलवर गेलं. 2021 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या त्या दुप्पट उत्पन्नाच्या. त्या दाण्यात किलोमागे 44.1 मिलिग्रॅम जस्त आणि 42.8 मिलिग्रॅम लोह आहे, ही बातमी मागे राहिली. साध्या गव्हात जस्त किलोमागे 28 च्या आसपास असतं. म्हणजे शेतकऱ्याने पैशासाठी केलेल्या निवडीत त्याच्या घरच्या बायका-मुलांसाठी दीडपट जस्त आपोआप आलं.

घरात करण्यासारखं जे आहे त्याला नवं काहीच लागत नाही. मोड आणले की धान्य-कडधान्यातलं फायटेट मोडू लागतं आणि अडकलेलं लोह-जस्त सुटतं. मटकीची उसळ, मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व, आंबवलेली आंबील या सगळ्यांत ते घडतं. माणदेशातली कांदा-भाकरी आणि लसणाची चटणी हा गरिबीचा आहार समजला जातो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात तपासलं, तर कांदा आणि लसूण यांच्या सोबतीने धान्यातलं लोह आणि जस्त दोन्ही अधिक सुटं होतं. लिंबू, आवळा, पेरू लोहाला मदत करतात, जस्ताला फारशी नाही. तीळ जस्ताच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरातला सर्वांत श्रीमंत दाणा, शंभर ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅमच्या घरात. तो संक्रांतीपुरता का ठेवायचा, कळत नाही. तिळाची चटणी रोजच्या भाकरीवर असावी. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. आणि अंडं खाणाऱ्या घरांत ते आधी मुलीच्या आणि गरोदर बाईच्या ताटात पडावं.

गोळ्या थांबवू नका, हे पुन्हा सांगतो. गरोदर बाईने 180 दिवस रोजची लाल गोळी घेतलीच पाहिजे, शाळेतल्या मुलीने आठवड्याची निळी गोळी चुकवू नये, मुलांनी वर्षातून दोनदा जंतनाशक घ्यावं, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. पण दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेसुद्धा वाढलं नाही, तर गप्प बसू नका आणि त्या बाईला बोल लावू नका. डॉक्टरांना फेरिटिन, बी12 आणि जस्ताच्या तपासणीबद्दल विचारा. जस्ताचं रक्त शक्यतो सकाळी, उपाशीपोटी, खास नळीत घ्यावं लागतं, आणि अंगात ताप किंवा संसर्ग असताना आकडा खोटाच कमी येतो, तेव्हा बरं वाटल्यावर तपासा. तपासणी परवडत नसेल किंवा जवळपास होत नसेल, तर ताट बदलायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही. आणि ज्यांच्या रानात जस्तयुक्त गहू, ज्वारी किंवा बाजरी पिकते, त्यांना एकच विनंती: सगळं बाजाराला घालू नका, वर्षभराचं घरच्या खाण्यासाठी आधी बाजूला काढा.